पाळकाला जाब विचारणे हे पाप नव्हे

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये एक मत फार बळावले आहे, आणि ते इतक्या नम्र आवाजात मांडले जाते की त्याला विरोध करणाराच उद्धट ठरतो. पाळक देवाने नेमलेला आहे, त्याचा हिशेब देव घेईल. सभासदाने प्रार्थना करावी, दशमांश द्यावा आणि गप्प बसावे. व्यासपीठावरून काही विपरीत शिकवले गेले तर पवित्र आत्मा बघून घेईल. दानाचा पैसा कुठे गेला हे विचारणे म्हणजे विश्वासात उणेपणा. आणि एखाद्या बाईने, एखाद्या मुलीने पाळकसाहेबांच्या वागण्याबद्दल तोंड उघडले, तर ते मंडळी फोडण्याचे सैतानाचे काम. तिच्यासाठीही प्रार्थना करावी, पण बाहेर बोलू नये.

हे मत मांडणारे सगळे लबाड नाहीत. त्यांत देवभीरू, प्रामाणिक माणसे पुष्कळ आहेत, आणि म्हणूनच मला या मताची अधिक चीड येते. लबाडाला ज्या आडोशाची गरज असते तो ही भली माणसे त्याला पुरवतात, आणि तोही पवित्र शास्त्राची वचने रचून.

या गप्प बसण्याची किंमत कोण भरते? बजिंदर सिंग हे नाव वाचकांना ठाऊक असेल. पंजाबातल्या या स्वयंघोषित संदेष्ट्याच्या चंगाई सभांच्या चित्रफिती देशभर फिरल्या. २०१८ साली झिरकपूर पोलिसांत एका स्त्रीने त्याच्याविरुद्ध बलात्काराची तक्रार नोंदवली. त्याला अटक झाली, जामीन मिळाला, आणि सभा पूर्वीसारख्याच भरत राहिल्या. २८ मार्च २०२५ रोजी मोहालीच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवले आणि १ एप्रिलला जन्मठेप सुनावली. मधल्या जवळजवळ सात वर्षांत, निदान निकाल लागेपर्यंत या माणसाने सभा घेऊ नयेत, असे किती पाळकांनी जाहीरपणे म्हटले? त्या स्त्रीच्या पाठीशी किती मंडळ्या उभ्या राहिल्या? हिशेब देव घेईल असे आपण म्हणत राहिलो. तो मागितला एका बाईने, आणि घेतला न्यायालयाने.

सगळ्यात जास्त वापरले जाते ते अभिषिक्ताचे वचन. देवाच्या अभिषिक्ताला बोट लावायचे नाही, असे दरडावून सांगितले की प्रश्न विचारणारा खाली बसतो. पण १०५ वे स्तोत्र उघडून पाहावे. तिथे बोलणे कोणाबद्दल चालले आहे? अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याबद्दल. संख्येने मूठभर, स्वतःची जमीन नसलेली, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात भटकणारी ती माणसे. देव त्यांच्या बाजूने कोणाला दटावतो? राजांना. म्हणजे ते वचन दुबळ्यांना बलवानांपासून वाचवण्यासाठी आहे. आज आपण तेच वचन माईक, खुर्ची, गाडी आणि ट्रस्टच्या किल्ल्या ज्याच्या हातात आहेत त्याला वाचवण्यासाठी वापरतो, आणि ते कोणावर उगारतो? दर रविवारी मजुरीतले शंभर रुपये पाकिटात घालून देणाऱ्या विधवेवर. शास्त्राचा याहून उलटा उपयोग कोणता असेल?

मग दावीद आणि शौल यांचा दाखला येतो. दावीदाने शौलावर हात टाकला नाही, हे खरे. पण कथा तिथे संपत नाही. एन-गेदीच्या गुहेतून बाहेर येऊन दावीदाने राजाला मागून हाक मारली आणि त्याच्या तीन हजार सैनिकांच्या देखत सांगितले की तू माझ्यावर अन्याय करतो आहेस, परमेश्वर तुझा-माझा न्याय करो. तलवार उचलली नाही, पण तोंडही मिटले नाही. आपल्या मंडळ्यांत पाळकावर तलवार उचलायला कोण निघाले आहे? लोक फक्त हिशेबाची वही मागत आहेत. आणि पुढे हाच दावीद राजा झाला, अभिषिक्त झाला, उरीयाच्या बायकोला त्याने घेतले आणि उरीयाला मारवले, तेव्हा देवाने नाथान संदेष्ट्याला राजवाड्यात पाठवले. नाथानाने राजासाठी नुसती प्रार्थना केली नाही. त्याने राजाला तोंडावर सांगितले की गुन्हेगार तूच आहेस. अंत्युखियात पेत्र लोकलाजेस्तव परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांच्या पंगतीतून उठू लागला तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमोर अडवले, आणि ही घटना गलतीकरांच्या पत्रात कायमची लिहून ठेवली. प्रेषितांमध्ये अग्रगण्य असलेल्या पेत्राला जे लागू होते, ते आपल्या तालुक्याच्या पाळकाला लागू होत नाही?

एलीची गोष्ट तर संडे स्कूलच्या पोरालाही माहीत असते, पण तिचा अर्धाच भाग शिकवला जातो. रात्री हाक ऐकणारा बाळ शमुवेल आपण चित्रात रंगवतो. त्याला देवाने काय निरोप दिला होता ते सांगत नाही. एलीचे मुलगे हफनी आणि फिनहास अर्पणातले मांस बळजबरीने उचलत होते, निवासमंडपाच्या दारी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी व्यभिचार करत होते. एलीने त्यांची कानउघाडणी केली, पण त्यांना त्या जागेवरून दूर केले नाही. आणि याच कारणावरून त्याच्या घराण्यावर न्याय आला. समज देऊन प्रकरण मिटवण्याची आपली जी लाडकी पद्धत आहे, ती शास्त्रात अशी नोंदलेली आहे.

दुसऱ्याचा न्याय करू नये, हे तर आता प्रत्येक चर्चेचे दार बंद करणारे वाक्य झाले आहे. ज्या डोंगरावरच्या प्रवचनातून ते उचलले आहे त्याच प्रवचनात, त्याच सातव्या अध्यायात, प्रभू मेंढरांच्या वेषात येणाऱ्या खोट्या संदेष्ट्यांपासून सावध राहायला सांगतो आणि त्यांना फळांवरून ओळखा म्हणतो. पारखच करायची नसेल तर ओळखायचे कसे? मुसळ आणि कुसळाच्या दृष्टांतातही कुसळ तसेच राहू द्यावे असे नाही. आधी आपला डोळा साफ करावा, म्हणजे भावाच्या डोळ्यातले काढता येईल, असे आहे. ढोंग्याच्या न्यायाला मनाई आहे, पारख करायला नाही. करिंथच्या मंडळीत एक माणूस बापाच्या बायकोशी राहत होता आणि मंडळी स्वतःच्या उदारपणावर खूश होती. पौलाने त्यांना स्पष्ट लिहिले की बाहेरच्यांचा न्याय देव करील, आतल्यांचा तुम्ही करायचा आहे. आपण नेमके उलटे करतो. बाहेरच्यांच्या पापांवर आपली प्रवचने तासतासभर चालतात, आणि आतल्यांचा विषय निघाला की प्रीतीची आठवण होते.

गहू आणि निदणाचा दृष्टांतही याच कामाला जुंपला जातो. कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या, म्हणजे वाईट पाळकालाही वाढू द्या! पण प्रभूने स्वतः तो दृष्टांत उलगडून सांगितला आहे, आणि शेत म्हणजे जग असे सांगितले आहे. जगातून दुष्टांचा नायनाट करायला निघू नका, एवढाच त्याचा बोध. मंडळीचा अध्यक्ष कोणाला करावे याचे उत्तर हवे असेल तर तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र आहे, तीताला लिहिलेले पत्र आहे. तिथे अटी घातल्या आहेत. दारुडा नसावा, मारकुटा नसावा, द्रव्यलोभी नसावा, घर नीट चालवणारा असावा, नवशिका नसावा. कोणावर हात ठेवण्याची घाई करू नये. आणि एक अट अशी, की मंडळीबाहेरच्या लोकांतही त्याचे नाव चांगले असावे. म्हणजे आपल्या गल्लीतल्या हिंदू, बौद्ध, मुसलमान शेजाऱ्याला, किराणा दुकानदाराला, घरमालकाला आपल्या पाळकाविषयी काय वाटते, हेही पाहायचे आहे. या अटी कोणी वाचतो का? स्वतंत्र मंडळ्यांत पाळक कसा ठरतो? आवाज मोठा, गाणे चांगले, यूट्यूबवर प्रेक्षक भरपूर, परदेशातल्या देणगीदारांशी ओळख. बाप्तिस्म्याला वर्ष झाले नाही तोवर नावामागे ‘अपॉसल’ लागते. जुन्या मंडळ्यांतल्या लोकांनी यावर हसू नये. त्यांच्याकडे दीक्षा आहे, बी.डी.ची पदवी आहे, घटना आहे, आणि डायोसीजच्या निवडणुकीत भाऊबंदकी, जातीचे गट आणि जमिनींच्या व्यवहारांची गणितेही आहेत. रोग दोन्हीकडे आहे. एकाकडे नियम नाहीत, दुसऱ्याकडे नियम कपाटात आहेत.

यावर सर्वांत जोरदार म्हणून जे उत्तर दिले जाते ते फळांचे. लोक बरे होतात, भुते निघतात, सभेला हजारो येतात, मग देव त्याच्याबरोबर नाही का? याचे उत्तर प्रभूने आधीच देऊन ठेवले आहे. त्या दिवशी पुष्कळ जण येतील, तुझ्या नावाने आम्ही संदेश दिले, भुते काढली, अद्भुते केली असे म्हणतील, आणि तो त्यांना ओळख देणार नाही. गर्दी आणि चमत्कार हे दाखले म्हणून पुरेसे नाहीत, असे खुद्द येशू म्हणतो.

या चंगाईच्या विषयावर मला थांबावेसे वाटते, कारण इथे माणसे मरतात. मधुमेहाच्या गोळ्या सोडा, विश्वास दाखवा. केमोथेरपी म्हणजे देवावरचा अविश्वास. मिरगीच्या मुलाला औषध देऊ नका, त्याच्यातला आत्मा काढू. ही शिकवण ज्या मातीत दिली जाते त्या मातीचा इतिहास काय आहे? विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरने १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभे केले, ते प्रार्थना आणि शस्त्रक्रिया दोन्हींवर विश्वास ठेवून. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली जामखेडसारख्या दुष्काळी भागात काम सुरू केले आणि खेड्यातल्या, बहुतांशी निरक्षर बायांना आरोग्यसेविका म्हणून उभे केले. तिथून शिकण्यासाठी जगभरातून लोक आले. त्यांच्या विश्वासात काही कमी होते? ज्या मंडळीने महाराष्ट्राला परिचारिका दिल्या, त्याच मंडळीच्या व्यासपीठावरून इन्शुलिन बंद करायला सांगितले जाते, आणि समोर बसलेले निवृत्त मेट्रन आणि कंपाउंडर ‘आमेन’ म्हणतात. त्यांना ठाऊक असते. तरी ते गप्प बसतात, कारण अभिषिक्त बोलतो आहे.

मधुमेह, कर्करोग असे आजार जादूने बरे करण्याच्या जाहिरातींना या देशात १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली आलेला महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा सर्व धर्मांतल्या भोंदूंना सारखाच लागू आहे. तो कायदा आपल्यावर हल्ला आहे अशी कुरकुर मी मंडळीतल्या लोकांकडून ऐकली आहे. हल्ला कसला? जे काम मंडळीच्या वडिलांनी करायचे होते ते त्यांनी केले नाही, म्हणून ते फौजदाराकडे गेले.

चुकीची शिकवण ही पंडितांच्या वादाची बाब आहे, सामान्य विश्वासणाऱ्याला तिच्याशी काय करायचे, असेही म्हणतात. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी गयानातल्या जोन्सटाउनमध्ये नऊशेहून अधिक माणसे मेली, त्यांत तीनशेहून अधिक मुले होती. त्यांना तिथे नेणारा जिम जोन्स हा एका जुन्या, प्रतिष्ठित प्रोटेस्टंट पंथाची रीतसर दीक्षा मिळालेला पाळक होता. ‘डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट’ हा तो पंथ, आणि त्याची भारतातली शाखा १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या उत्तर भारत मंडळीत सामील आहे, म्हणून ही दूरची गोष्ट समजू नये. २०२३ साली केनियात शाकाहोलाच्या जंगलात चारशेहून अधिक मृतदेह उकरून काढले गेले. उपाशी राहून येशूला भेटा अशी शिकवण दिल्याचा आरोप तिथल्या पाळकावर आहे. ही माणसे वेडी नव्हती. प्रश्न विचारणे हे पाप आहे, असे त्यांना आधी शिकवले गेले. बाकीचे सगळे त्यानंतर शिकवता आले.

पैशाच्या शिकवणीचेही तेच. ‘बीज पेरा’ म्हणून कर्ज काढायला लावणारे, आजारी माणसाच्या उशाशी देणगीचा आकडा सांगणारे, तेलाच्या बाटल्या आणि रुमाल विकणारे लोक आपल्याला नवे वाटतात. पहिल्या मंडळीला ते चांगले माहीत होते. पहिल्या शतकाच्या अखेरीच्या किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीच्या काळातली ‘डिडाखे’ नावाची एक पुस्तिका आहे. तिचे हस्तलिखित १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडले. फिरत्या प्रेषितांचे स्वागत कसे करावे याचे नियम तिच्यात आहेत. त्याला प्रभूसारखे घरात घ्यावे, एक दिवस, गरज पडली तर दोन दिवस. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी द्यावी. पैसे मागितले तर खोटा संदेष्टा. आत्म्यात येऊन पैसे मागितले तर ऐकू नये. गरिबांसाठी मागितले तर गोष्ट वेगळी. ते लोक आपल्यापेक्षा प्रेषितांच्या काळाला जवळ होते, त्यांच्यातल्या कित्येकांचा छळ होत होता, आणि तरीही पाहुण्या प्रेषिताची परीक्षा घेण्यात त्यांना पाप वाटले नाही. गावच्या डेअरीत रोज प्रत्येकाच्या दुधाचे फॅट मोजतात. चांगले दूध घालणारा शेतकरी त्यावर कधी रागावत नाही. परीक्षेवर कोण रागावतो, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

मग क्षमेचा विषय काढतात. पाळकही माणूस आहे, चुकला, पश्चात्ताप केला, आता क्षमा करा. क्षमा करावी. सत्तर वेळा सात करावी. पण क्षमा आणि व्यासपीठ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दानाच्या पैशात हात घालणाऱ्याला मी क्षमा करीन, त्याच्याबरोबर प्रभुभोजन घेईन, त्याच्या मुलांच्या फीची सोय करीन. पेटीची किल्ली त्याला परत देणार नाही. यात प्रेम कुठे कमी पडले? आणि ज्या मुलीचा विश्वास त्याने मोडला तिच्या वतीने क्षमा जाहीर करण्याचा अधिकार कमिटीला कोणी दिला? अज्ञान मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असून ती पोलिसांना न कळवणे हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. तिथे ‘आपसांत मिटवू’ म्हणणारा वडील स्वतःच गुन्हेगार ठरतो. बदली हे तर उत्तरच नव्हे. एका मंडळीतून काढलेल्या माणसाला चांगल्या शिफारसपत्रासह दुसऱ्या मंडळीत पाठवणे म्हणजे तिथल्या मुलींना न सांगता धोक्यात घालणे.

जुन्या मंडळ्यांतले शिकलेले लोक इथे आणखी एक गोष्ट पुढे करतात. सेवक अयोग्य असला तरी विधींचे सामर्थ्य कमी होत नाही, हे ऑगस्टीनच्या काळापासून ठरलेले आहे, म्हणून पाळकाच्या चारित्र्याचा एवढा बाऊ कशाला? हे ठरलेले आहे ते श्रद्धावंताच्या दिलाशासाठी. माझा बाप्तिस्मा ज्याने केला तो पुढे भ्रष्ट निघाला, म्हणून माझा बाप्तिस्मा वाया गेला नाही, एवढाच तो दिलासा. अँग्लिकन मंडळीच्या एकोणचाळीस कलमांतले २६ वे कलम हेच सांगते, आणि त्याच कलमाचा उत्तरार्ध सांगतो की दुष्ट सेवकांची चौकशी झाली पाहिजे, ज्यांना त्यांचे अपराध ठाऊक आहेत त्यांनी आरोप ठेवले पाहिजेत, आणि दोषी ठरल्यास त्यांना पदच्युत केले पाहिजे. पूर्वार्ध तोंडपाठ आणि उत्तरार्ध विसरलेला, असे किती दिवस चालणार?

आता शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप. आपण अल्पसंख्य आहोत. बाहेर वातावरण वाईट आहे. १९९९ साली ओडिशात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुले जिवंत जाळली गेली. २००८ साली कंधमाळ पेटले. अनेक राज्यांत धर्मांतरविरोधी कायदे आहेत, प्रार्थनासभांवर जमाव चालून जातात. अशा वेळी आपणच आपल्या पाळकांची लक्तरे बाहेर काढली तर विरोधकांच्या हाती कोलीत नाही का पडणार?

ही भीती खोटी नाही, मी ती थट्टेवारी नेणार नाही. पण झाकल्याने कोलीत विझते का, ते पाहू. २०२२ च्या सप्टेंबरात मध्य प्रदेशच्या आर्थिक गुन्हे शाखेने जबलपूरच्या बिशपांच्या घरी छापा घातला. ते तेव्हा उत्तर भारत मंडळीचे मॉडरेटर, म्हणजे सर्वोच्च पदाधिकारी होते. घरात सुमारे १ कोटी ६५ लाख रुपये रोख सापडल्याचे सांगण्यात आले. नंतर त्यांना नागपूर विमानतळावर अटक झाली. ते दोषी की निर्दोष हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे, माझे नाही. माझा प्रश्न मंडळीच्या कारभाराला आहे. नोटांचे ढीग देशभरच्या वाहिन्यांवर दिसले. हे कोलीत कोणी दिले, विचारणाऱ्याने की न विचारणाऱ्यांनी? दरवर्षी निःपक्ष माणसाकडून हिशेब तपासले गेले असते आणि शंकांना वेळीच उत्तरे मागितली असती, तर ही पाळी आली असती का?

रवी झकरायस यांचे उदाहरण त्याहून कडू आहे. मद्रासमध्ये जन्मलेला हा वक्ता जगभर ख्रिस्ती विश्वासाची बाजू मांडत फिरला. आपल्याकडच्या शिकलेल्या ख्रिस्ती तरुणांना त्याचा केवढा अभिमान होता! २०१७ मध्ये कॅनडातल्या एका स्त्रीने तक्रार केली. त्याने तिच्यावरच दावा लावला, आणि प्रकरण न बोलण्याच्या करारावर मिटले. त्याच्या संस्थेने त्याच्यावर विश्वास ठेवला, तिच्यावर नाही. मे २०२० मध्ये तो वारला, थोरामोठ्यांनी गौरवाची भाषणे केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये संस्थेनेच नेमलेल्या वकिलांचा अहवाल आला, आणि मालिश करणाऱ्या स्त्रियांचे त्याने वर्षानुवर्षे केलेले लैंगिक शोषण उघड झाले. संस्थेला त्या स्त्रीची जाहीर माफी मागावी लागली. प्रभूच्या नावाची बदनामी होऊ नये म्हणून जे झाकले, त्याने झालेली बदनामी कोणत्याही विरोधकाला करता आली नसती. आणि दक्षिण कोरियात काय झाले? जगातल्या सर्वांत मोठ्या मंडळीचे संस्थापक डेव्हिड योंगी चो यांच्याविरुद्ध त्यांच्याच मंडळीतले वडील तक्रार घेऊन गेले, आणि २०१४ साली न्यायालयाने चो यांना मंडळीच्या पैशाच्या अपहाराबद्दल दोषी ठरवले. ख्रिस्ती विश्वास त्यामुळे कोरियातून नाहीसा झाला नाही. तिथे निदान काही वडील जागे होते.

मला आणखी एक सांगायचे आहे, आणि ते मराठी ख्रिस्ती म्हणून. आपण कोणाची लेकरे आहोत? पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, आणि तिथल्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो काढून वाचावा. आश्रय देणाऱ्या, पोटच्या मुलीला सांभाळणाऱ्या माणसांनाही त्यांनी बजावले की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून मी दुसऱ्याच्या जोखडाखाली जाणार नाही. जे मानायचे ते शास्त्र वाचून, माझ्या विवेकाला पटल्यावर मानीन. परक्या देशात, पैशाचे पाठबळ नसताना, एक विधवा असे लिहीत होती. अहमदनगरच्या, आजच्या अहिल्यानगरच्या, खेड्यापाड्यांतले आमचे पणजोबा ज्या व्यवस्थेतून बाहेर पडले तिथे देवळाची पायरी चढायची त्यांना मुभा नव्हती. पुजाऱ्याला प्रश्न विचारणे तर दूरच. त्यांनी जमिनी, नाती, गावकी पणाला लावून येशूच्या मागे जायचे ठरवले. त्यांच्या पणतवंडांनी पुन्हा एका माणसाच्या पायावर डोके ठेवावे, त्याच्या शब्दाला देवाचा शब्द मानावे, हे त्यांनी कशासाठी सोसले होते?

मान्य करण्यासारखी एकच गोष्ट विरोधी बाजूला आहे. खोटे आरोप होतात, आणि एका अफवेने चांगला पाळक उद्ध्वस्त होऊ शकतो. पण त्याची व्यवस्थाही शास्त्राने केली आहे. वडिलांवरचा आरोप दोघातिघा साक्षीदारांवाचून ऐकून घेऊ नये, असे पौल तीमथ्याला लिहितो, आणि लगेच पुढे लिहितो की जे पाप करत राहतात त्यांचा दोष सर्वांसमोर दाखवावा. पहिले वाक्य निर्दोष पाळकाचे रक्षण करते, दुसरे मंडळीचे. खुल्या चौकशीची सर्वांत जास्त गरज प्रामाणिक पाळकालाच असते. तुटपुंज्या पगारावर, मोटारसायकलीवर चार-चार गावे सांभाळणारे, मयताला रात्री-अपरात्री धावणारे पाळक आपल्याकडे पुष्कळ आहेत. एका भोंदूमुळे त्यांच्याकडेही लोक संशयाने पाहू लागतात. भोंदूला पाठीशी घालणारा माणूस या पाळकांचा अपमान करतो.

पौल मिलेतला इफिसच्या वडिलांचा शेवटचा निरोप घेतो, तेव्हा त्यांना सांगतो की क्रूर लांडगे येतील, आणि तुमच्यातूनही माणसे उठून शिष्यांना आपल्या मागे ओढून नेतील. आपण तीन वर्षे रात्रंदिवस डोळ्यांत आसवे आणून प्रत्येकाला सावध केले, याची तो आठवण देतो. सावध करणे हे प्रीतीच्या विरुद्ध आहे असे म्हणणाऱ्यांनी ती आसवे विसरू नयेत. त्याच इफिसच्या मंडळीला पुढे प्रकटीकरणात शाबासकी मिळते ती कशाबद्दल? प्रेषित म्हणवून घेणाऱ्यांची परीक्षा घेऊन त्यांना खोटे ठरवल्याबद्दल. आणि थुवतीराच्या मंडळीला दोष दिला जातो तो खोट्या संदेष्ट्रीला चालवून घेतल्याबद्दल. चालवून घेणे हा तिथे गुण नाही, अपराध आहे.

तेव्हा मंडळीच्या सभासदांना माझे सांगणे आहे. येत्या वार्षिक सभेला जा आणि हात वर करा. ऑडिट झालेला हिशेब मागा. तुमची मंडळी नोंदणीकृत सार्वजनिक न्यास असेल तर तो दरवर्षी तपासून घेणे तिच्यावर कायद्याने बंधनकारक आहे, आणि मंडळी दाखवत नसेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन पाहा. विश्वस्त कोण आहेत आणि त्यांतले किती पाळकाच्या घरातले आहेत ते विचारा. नवा पाळक येणार असेल तर आधीच्या मंडळीत स्वतः जाऊन, तिथल्या बायकांशी बोलून चौकशी करा. व्यासपीठावरून जे सांगितले जाते ते घरी जाऊन शास्त्रात ताडून पाहा. बिरुयाच्या लोकांनी खुद्द पौलाचे बोलणे ताडून पाहिले आणि त्यांना थोर म्हटले गेले. गोळ्या सोडायला सांगणाऱ्याला तिथल्या तिथे, भर उपासनेत थांबवा. एखादी मुलगी काही सांगत असेल तर तिचे पूर्ण ऐकून घ्या आणि तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जा. आणि कोणी अभिषिक्ताची भीती घातली तर त्याला १०५ वे स्तोत्र पहिल्यापासून मोठ्याने वाचायला सांगा.